पळणं स्वस्त आहे, म्हणून पळतात : विदर्भातल्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
विधानसभेतले ६२ आणि विधानपरिषदेत बसणारे विदर्भाचे सर्व सन्माननीय सदस्य,
स. न. वि. वि.

डिसेंबरात तुम्ही सगळे नागपुरात जमता. १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं म्हणून जमता, आणि मोर्चेही त्याच हिशेबानं निघतात. कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, सिंचनाचा अनुशेष यांवर तुमच्या टेबलावर निवेदनांचा ढीग पडलेला असेल. माझं निवेदन त्या ढिगात दबू नये म्हणून सगळ्यांदेखत लिहितो आहे. माझा विषय मोर्चा निघण्यातला नाही. पोलिसानं हात केला, गाडी थांबली नाही, उलट दामटली, आणि वाटेत कोणीतरी चिरडलं गेलं. यातल्या चिरडण्याला आपल्या कायद्यात शिक्षा आहे. दामटत पळण्याला जवळजवळ नाहीच.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, वर्धा नदीच्या काठचा. गावचा पोलीस पाटील होतो, आता वयोमानानं त्यातून मोकळा झालो. पोलीस पाटलाचं काम तुमच्यातल्या खेड्यातून निवडून आलेल्यांना सांगायला नको. गावात काही झालं की ठाण्याला फोन करायचा, पंचनाम्याला पंच गोळा करायचे, आणि नंतर गावाच्या आणि ठाणेदाराच्या अशा दोन्ही शिव्या खायच्या. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते पोलिसांचा माणूस म्हणून लिहीत नाही आणि पोलिसांच्या विरोधातही नाही.

आधी पैशाचा हिशेब मांडतो, कारण रेतीचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोराला तो तोंडपाठ असतो.

पोलिसाचा कायदेशीर आदेश मोडला तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड. २०१९ च्या दुरुस्तीआधी तो ५०० होता. धोकादायक वाहन चालवण्याचं कलम १८४ त्याहून जड आहे, पण किती? पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडावर भागत असेल तर कैदेपर्यंत जातो कोण! भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २७९, त्यात बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. गुन्हा जामीनपात्र. कलम १८४ ला २०१९ मध्ये एक स्पष्टीकरण जोडलं गेलं. लाल सिग्नल तोडणं, थांबण्याची पाटी न पाळणं, मोबाईल हातात धरणं, नियम मोडून ओव्हरटेक करणं, उलट्या दिशेनं गाडी घालणं हे सगळं त्यात नाव घेऊन मोजलं आहे. पोलिसांपासून सुसाट पळणं त्या यादीत नाही. शेवटच्या एका सर्वसाधारण वाक्यात ते ओढूनताणून बसवता येतं, एवढंच.

आता थांबला तर काय होतं ते पाहा. रेती विनापरवाना असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. गाडी जप्त. ती सोडवायचे पैसे वेगळे, ट्रॅक्टरला लाखाच्या घरातले. गाडीत दारूच्या पेट्या असतील तर मुंबई काळातल्या, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गाडीच सरकारजमा होऊ शकते. म्हणजे थांबलं तर लाखाचा फटका, आणि पळून सापडलाच तर वरून दोन-पाच हजार. पळून नाहीच सापडला तर शून्य. हा हिशेब करायला पोराला दहावी पास असावं लागत नाही.

हे कायदा करणाऱ्यांच्या कधी लक्षातच आलं नाही असंही नाही. त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बघा. जादा माल भरला तर २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. पण वजन करायला थांब म्हटल्यावर थांबला नाही, किंवा काट्याआधीच माल उतरवून टाकला, तर ४०,००० पर्यंत. पळण्याचा दंड मूळ गुन्ह्याच्या दुप्पट धरला, म्हणजे पळण्यात फायदाच उरू नये. इतका साधा विचार वजनकाट्यापुरता सुचला आणि माणसांच्या जिवापुरता सुचला नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आमच्याकडे हे जास्त का होतं, तेही सांगायला हवं. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली. आमच्या बाजूला दुकानं उघडी, पूल ओलांडला की बंदी. कळंबहून देवळीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नदीच्या या थडीचा माल त्या थडीला गेला की त्याचा भाव चढतो. बंदी चूक की बरोबर, त्यात मी आज शिरत नाही. शिरलो तर पत्र संपायचं नाही. सांगायचं ते एवढंच की आमच्या भागात जिल्ह्याची हद्द हीच धंद्याची जागा आहे, आणि त्या हद्दीवर रोज रात्री कोणीतरी कोणालातरी चुकवत असतं. त्यात रेती आली. वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, पूर्णा, नदी कोणतीही घ्या, घाटाचा लिलाव झालेला असो वा नसो, रात्री ट्रॅक्टर उतरतातच. गुटख्याला २०१२ पासून बंदी, तोही याच रस्त्यांनी फिरतो.

धंद्याची पद्धत ठरलेली आहे. पुढं एक फटफटी, तिला पायलट म्हणतात. फाट्याफाट्यावर पानटपरीजवळ बसलेली पोट्टी, ती लोकेशन देतात : तहसीलदाराची गाडी निघाली, एलसीबीवाले, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेचे पोलीस, चहा पिताहेत, ११२ ची बोलेरो अमुक गावात आहे. गाडीचा नंबर एक तर नसतोच, असला तर त्याला ग्रीस किंवा चिखल फासलेला. ड्रायव्हरला महिन्याचा पगार नसतो, खेपेवर पैसे मिळतात. गाडी पकडली गेली तर खेप बुडाली, आणि मालक दुसऱ्या दिवशी दुसरं पोट्टं बसवतो. त्यामुळे पोलिसांचा दिवा दिसला की त्याचा पाय ब्रेककडे जातच नाही.

आणि तो पळतो कोणत्या रस्त्यावर? समृद्धी महामार्गावर नाही. तो पांदण रस्त्यानं पळतो, झेडपीच्या डांबरी रस्त्यानं पळतो, जिथं दिवाळीनंतर अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. संध्याकाळी वावरातून बैलबंड्या परतत असतात, त्यांच्या मागं ना दिवा ना चमकपट्टी. कापूस वेचायला गेलेल्या बाया छोटा हत्ती गाडीत दाटीवाटीनं उभ्या राहून घरी येत असतात. तालुक्याच्या शाळेतून पोरी सायकलवर येत असतात. बाजाराच्या दिवशी तर रस्ताच बाजार असतो. हे लोक रोज तिथंच असतात, आणि पाठलागाशी यांचा काडीचा संबंध नसतो.

आमच्या पंचक्रोशीतली एक घटना सांगतो, गावाचं नाव घेत नाही. एक कास्तकार कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या भरलेली बंडी घेऊन अंधार पडताना घरी चालला होता. मागून महसूल पथकाची जीप, पुढं रेतीचा विनानंबरचा ट्रॅक्टर, दिवे मुद्दाम बंद केलेले. पांदणीतून तो मुख्य रस्त्याला लागला आणि ट्रॉली बंडीवर गेली. एक बैल जागीच मेला. म्हाताऱ्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पथकानं पाठलाग सोडून त्याला उचललं, हे त्यांचं बरोबरच होतं, आणि ट्रॅक्टर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या गावात एका कोठ्यामागं सापडला. चालवणारं पोट्टं विशीतलं. मालक म्हणाला, मी तर त्याला शेणखत आणायला पाठवलं होतं.

गुन्हा लागला तो रेतीचोरीचा, २८१ चा, आणि गंभीर दुखापतीचा म्हणजे कलम १२५(ब) चा. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड. पोराला अटक करून ठेवता येत नव्हती. ७ वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस द्यावी लागते, आणि ते तत्त्व म्हणून मला मान्यच आहे. ट्रॅक्टर सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करायच्या हमीवर, सुटला. ट्रॉलीचा विमा नव्हता. फिर्यादीत कुठंही असं लिहिलेलं नव्हतं की हा माणूस सरकारी गाडीला चुकवण्यासाठी दिवे बंद करून पळत होता आणि म्हणून हे घडलं. कसं लिहिणार? त्यासाठी कलमच नाही. झोपेची डुलकी लागून बंडीला धडक देणारा आणि जाणूनबुजून दिवे मालवून पळणारा, कागदावर दोघे सारखेच.

(जाता जाता : मोटार वाहन कायद्यात अपघात झाल्यावर थांबायचं कर्तव्य सांगणारं कलम १३२ आहे. त्यात जनावर म्हणजे कोणतं याची यादी दिली आहे : घोडा, गाय-बैल, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. उंट आमच्याकडे मेंढ्या घेऊन येणाऱ्या काठेवाड्यांसोबतच दिसतो. कायद्यानं त्याचीही आठवण ठेवली. पण पोलिसानं उभं करायचा जो अधिकार त्या कलमात आहे तो अपघात घडल्यानंतरचा, फौजदाराच्या हुद्द्याच्या खाली नसलेल्या गणवेशातल्या अधिकाऱ्याला. अपघाताआधी पळणाऱ्याबद्दल ते कलम गप्प आहे.)

कोणी मेलं तर? मग न्याय संहितेचं कलम १०६(१), निष्काळजीपणानं मृत्यू. जुन्या ३०४-अ मध्ये २ वर्षं होती, आता ५ वर्षांपर्यंत. तेही जामीनपात्र. त्यापुढं न्यायचं तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावावं लागतं आणि मग सिद्ध करावं लागतं की यातून माणूस मरू शकतो याची त्याला जाणीव होती. मुंबईत २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली आणि ७ जण मेले, त्यात ही जाणीव सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मान्य केली, पण शिक्षा राहिली ३ वर्षांची. त्या खटल्यामागं मुंबईचे वकील, मुंबईची वर्तमानपत्रं होती. आमच्या जिल्ह्यातल्या मारेगाव-झरीच्या कास्तकाराच्या मागं कोण असतं? साक्षीदार त्याच गावातले, आणि रेतीवाला त्यांचाच कोणीतरी भाऊबंद. तारखा पडता पडता निम्मे फितूर होतात.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, कलम १०६(२) आहे ना, १० वर्षांचं. ते वेगळं आहे, आणि ते लागूही नाही. अपघातात माणूस मेल्यावर पोलिसांना न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत कैद, असं ते होतं. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, नागपुरापासून सगळीकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते तुम्हाला आठवत असेल. १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली, हे एक पोटकलम मागं ठेवलं गेलं. ट्रकवाल्यांचं म्हणणं मला पटलं होतं. अपघात झाला की जमाव जमतो आणि ड्रायव्हरला मरेस्तोवर मारतो, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे; तिथून जीव घेऊन पळणं हा माणसाचा धर्म झाला. मी ज्याबद्दल बोलतो आहे तो अपघात व्हायच्या आधीच पळत असतो. त्याच्यामागं जमाव नसतो, पोलिसांची गाडी असते, आणि पुढं माझ्या गावचा रस्ता असतो. या दोन पळण्यांची गल्लत करून पुन्हा एकदा ट्रकवाल्यांना रस्त्यावर आणू नका.

पोलिसांच्या जिवाचाही प्रश्न आहेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड ठाण्याच्या उपनिरीक्षकाला दारूतस्करांच्या गाडीनं चिरडून मारलं. तिथं थेट अंगावर गाडी घातली म्हणून खुनाचं कलम लागलं, ते ठीक. पण अंगावर गाडी घालून पोलीस उडी मारून वाचला तर? मग न्याय संहितेतलं सरकारी कामात अडथळ्याचं कलम १३२, शिक्षा २ वर्षांपर्यंत. याच गुन्ह्याचं जुनं कलम ३५३ महाराष्ट्रानं स्वतःची दुरुस्ती करून ५ वर्षांवर नेलं होतं. नवी संहिता आली आणि आकडा परत २ वर आला. म्हणजे राज्याला असं करता येतं, पूर्वी केलेलं आहे, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

इतर देशांनी काय केलं ते थोडं वाचून काढलं. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात यासाठी पायऱ्या आहेत. नुसतं पळणं कलम २८००.१ मध्ये, त्याला १ वर्षापर्यंत. लोकांच्या जिवाची पर्वा न करता पळणं २८००.२ मध्ये, त्यात राज्याच्या तुरुंगात जावं लागू शकतं. पळताना कोणी मेलं तर २८००.३, तिथं शिक्षा १० वर्षांपर्यंत जाते. ऑस्ट्रेलियात सिडनीला २००९ च्या शेवटच्या दिवशी पोलिसांपासून पळणाऱ्या गाडीनं दुसऱ्या गाडीला धडक दिली आणि १९ महिन्यांची मुलगी गेली. तिथल्या न्यू साऊथ वेल्स राज्यानं २०१० मध्ये या गुन्ह्यासाठी कलमच नवीन केलं, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर ५. कॅनडात कमाल १० वर्षं आहेत, पण कलमात एक अट आहे : सबळ कारण नसताना न थांबणं.

ही अट मला फार मोलाची वाटते. कारण आमच्याकडे पोलिसांना पाहून पळणारे सगळेच तस्कर नसतात.

रात्री अकरा वाजता निर्जन रस्त्यावर साध्या कपड्यातली दोन माणसं काठी आडवी करून गाडी थांबवायला लागली तर मीही थांबणार नाही. ते पोलीस आहेत की लुटारू, मला कसं कळावं? कॅलिफोर्नियाच्या त्याच कलमात लिहिलेलं आहे की पोलिसांच्या गाडीला ओळखू येणारी खूण हवी, पुढून दिसणारा लाल दिवा पेटलेला हवा, गरजेप्रमाणे सायरन हवा, आणि माणूस गणवेशात हवा. यातलं एक जरी कमी असलं तरी तो गुन्हाच होत नाही. आपल्या कायद्यात ही अट शब्दानं शब्द हवी. महसूल पथकाच्या खासगी जीपला तर हे कलम लागूच करू नका. तलाठ्याला स्वतःच्या मोटारसायकलवर रेतीवाल्यामागं पाठवायचं हा त्याच्याही जिवाशी खेळ आहे. सोबत गणवेशातला पोलीस आणि दिव्याची गाडी द्या, मग कलम लावा.

दुसरं, फासेपारधी. अमरावती, यवतमाळ, अकोल्याच्या बेड्यांवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्त्यांवर, राहणारी ही माणसं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्या आज्या-पणज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, ठाण्याची भीती गेली नाही. कुठं चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर जाते. अशा घरातलं पोर खाकी दिसली की मोटारसायकल वळवून पळतं, त्याच्याकडे चोरीचा माल नसतो, बापाच्या पाठीवरचे वळ आठवत असतात. नवं कलम आणाल आणि त्यात पहिल्या वर्षी हीच पोरं आत जातील, तर मी हे पत्र लिहायला नको होतं असं म्हणायची वेळ येईल. म्हणून न थांबणं आणि धोका घालत पळणं या दोन गोष्टी कलमात वेगळ्या ठेवा. नुसता वळून निघून गेला, कोणाला धक्का नाही, वेग नाही, त्याला दंड करा आणि सोडा. दिवे मालवून, बाजारातून, उलट्या बाजूनं, अंगावर घालत पळाला, तो वेगळा.

हेल्मेटवाल्यांबद्दलही तेच. फाट्यावर ट्रिपल सीट पोट्टे दिसले की जमादार साहेब झाडामागून अचानक काठी घेऊन पुढं येतात, पोट्टं बिचकतं, गाडी घसरते, डोकं फुटतं. कायद्यात हेल्मेटचा दंड १,००० रुपये आणि त्यासाठी एक कवटी. नंबर लिहून घ्या, घरी चालान पाठवा. माझ्या ओळखीतले जुने ठाणेदार शिपायांना हेच सांगायचे, पण ते ज्याच्या त्याच्या शहाणपणावर होतं, नियमात नव्हतं. पाठलाग कशासाठी करायचा, कुठवर करायचा आणि कधी सोडायचा, याचा लेखी आदेश गृहखात्यानं काढावा आणि तो ठाण्याच्या भिंतीवर मराठीत लावावा. बाजाराच्या दिवशी गावातून पाठलाग नाही. शाळा सुटायच्या वेळी नाही. दारूच्या पेट्यांसाठी नाही, रेतीसाठी तर नाहीच नाही.

मग पळू द्यायचं का? नाही. आमच्या भागाला निसर्गानं एक सोय देऊन ठेवली आहे, ती पोलीस वापरत नाहीत. नदीला पूल मोजके आहेत. या थडीवरून त्या थडीला माल न्यायचा तर त्याला कुठल्या तरी पुलावर यावंच लागतं. मागं लागण्यापेक्षा वायरलेसवरून पुढच्या ठाण्याला सांगून पूल बंद केला तर गाडी जाते कुठं? पण पुलाच्या अलीकडे एक जिल्हा, पलीकडे दुसरा. हद्दीवरून दोन ठाण्यांची जी टोलवाटोलवी चालते ती मी आयुष्यभर ऐकली आहे. एकदा तर मयताचा पंचनामा कोणी करायचा यावरून प्रेत दुपारपर्यंत पुलाखाली तसंच होतं. वर्धा-यवतमाळ, वर्धा-अमरावती, चंद्रपूर-यवतमाळ या हद्दींवरच्या पुलांवर कॅमेरे आणि दोन्हीकडच्या ठाण्यांची सामाईक नाकाबंदी एवढी तरतूद पुरवणी मागण्यांतून करून घेतलीत, तर निम्मे पाठलाग होणारच नाहीत.

शिक्षा किती असावी, हे शेवटी तुम्ही ठरवणार. माझं मत सांगतो. धोका घालत पळण्याला ३ वर्षांपर्यंत कैद, आणि जागेवर पैसे भरून मिटवायची सोय नको. अजामीनपात्र करा असा माझा आग्रह नाही. विशीतल्या पोराला जिल्हा कारागृहात तीन महिने ठेवलं तर तो बाहेर येताना मोठ्या धंद्याचे पत्ते घेऊन येतो. त्यापेक्षा लायसन पाच वर्षांसाठी जाऊ द्या, आणि लायसन नसेलच तर तितकी वर्षं मिळू देऊ नका. आमच्या भागात शेती कोरडवाहू आणि ड्रायव्हिंग हाच पोरांचा जोडधंदा. लायसन जाण्याची भीती त्यांना तुरुंगाइतकीच वाटते. पळताना कोणी जबर जखमी झालं किंवा मेलं तर मात्र १० वर्षांपर्यंत जावं, आणि त्यात त्याची जाणीव वेगळी सिद्ध करायला लावू नका. गणवेश, दिवा, सायरन बघूनही दिवे मालवून गर्दीत गाडी घालणाऱ्याला काय होऊ शकतं हे कळत नव्हतं, असं कोण म्हणेल?

आणि खरी गोष्ट मालकाची. आजवर मी जेवढे पंचनामे पाहिले त्यात मालक कधी गाडीत नव्हता. मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ म्हणतं की मागितल्यावर मालकानं ड्रायव्हरचं नाव-पत्ता द्यायचा. तो देतो, आनंदानं देतो, कारण पोराचं नाव दिलं की तो मोकळा. अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर २०१९ पासून कलम १९९-अ आहे : पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. तोच धागा इथं धरा. गाडी मालाच्या धंद्यात होती आणि पोलिसांपासून धोका घालत पळाली, तर मालकानं दाखवावं की आपल्या माहितीशिवाय ती नेली होती. दाखवता आलं नाही तर नोंदणी रद्द आणि गाडी जप्त. एकदा विनानंबरचा ट्रॅक्टर लिलावात निघाला की बाकीचे मालक पोरांना आपण होऊन सांगतील, दिवा दिसला तर उभा राहा. आज ते सांगतात, पकडला गेलास तर गाडीचे पैसे तुझ्याकडून घेईन.

त्या लिलावाचा पैसा कुठं जावा तेही लिहून ठेवा. पळणारी गाडी सापडलीच नाही तर मेलेल्याच्या घरच्यांना त्याच कायद्याच्या कलम १६१ खाली २ लाख मिळतात, जबर जखमीला ५०,००० रुपये, २०२२ पासून. गाडी सापडली पण विमा नसला तर मालकावर हुकूमनामा, आणि त्याच्या नावावरचं वावर कधीचंच बायकोच्या नावे झालेलं. पाय गेलेल्या त्या म्हाताऱ्याला शेवटी गावानं वर्गणी करून जयपूर पाय बसवून आणला. लिलावातली पहिली रक्कम जखमीला, बैलाची भरपाई धरून, मग महसूलला.

फौजदारी कायदा आणि मोटार वाहनं हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आहेत. विधेयक इथं मंजूर करून राष्ट्रपतींच्या मंजुरीला पाठवता येतं, अनुच्छेद २५४(२) त्यासाठीच आहे. सरकारनं आणलं नाही तर अशासकीय विधेयक म्हणून कोणीही आणू शकता. ते पडेल, पण चर्चेत मंत्र्यांना उत्तर द्यावं लागेल आणि पाठलागाचा लेखी आदेश तरी पदरात पडेल. तेवढ्यासाठी राष्ट्रपतींची गरज नाही, गृहखात्याची एक सही पुरते.

या पत्राची एक प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या आमदारांच्या कार्यालयात पोस्टानं पाठवतो आहे, पोचपावतीसह. २६ जानेवारीला आमच्याकडे ग्रामसभा असते. तोवर ज्या सदस्यांचं उत्तर येईल ते सरपंच वाचून दाखवणार आहेत, आणि ज्यांचं येणार नाही त्यांची नावंही वाचली जातील, असं ठरलं आहे.

कळावे,
आपला,
वर्धा नदीकाठचा एक माजी पोलीस पाटील
जि. यवतमाळ